स्वावलंबन आणि स्वाधीनता

अपंग प्रौढांच्या स्वतंत्र जीवनाची चर्चा मराठीत बहुधा ‘स्वावलंबन’ या शब्दाभोवती फिरते. स्वतःचे सर्व स्वतः करतो तो स्वतंत्र, असा त्याचा ध्वनी. हा अर्थ ग्राह्य मानला, तर ज्याला अंथरुणातून उठवावे लागते त्याच्या वाट्याला नातलगांची कृपा किंवा आश्रम, एवढेच उरते.

या कल्पनेचे खंडन एड रॉबर्ट्‌स यांच्या चरित्रात आढळते. पोलिओमुळे मानेखालचे शरीर जवळजवळ निश्चल झालेले आणि रात्री श्वसनयंत्रात झोपणारे हे गृहस्थ १९६२ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाले. १९७२ साली तेथे निघालेल्या स्वतंत्र जीवन केंद्राच्या मुळाशी त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा विचार होता, तो असा: मदत कोणाची, केव्हा व कशी घ्यावी हे स्वतः ठरविणे म्हणजेच स्वातंत्र्य. मदत घेतल्याने ते उणावत नाही. निर्णय दुसऱ्याच्या हाती गेल्याने उणावते.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे पाचवे कलम या कसोटीवर तपासण्याजोगे आहे. पहिल्या पोटकलमात समाजात राहण्याचा हक्क निःसंदिग्धपणे दिलेला आहे. दुसऱ्यात मात्र विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये व वैयक्तिक साहाय्य मिळावे, यासाठी शासनाने ‘प्रयत्न’ करावयाचा आहे. हक्क आणि तो भोगण्याचे साधन यांतील हे अंतर केवळ शाब्दिक नव्हे. मदतनिसाचे वेतन कोणी द्यावयाचे, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो आणि तो भार निमूटपणे आई, पत्नी वा बहीण यांच्यावर येतो. ‘स्वावलंबन’ हा शब्द हेच अंतर झाकतो. म्हणून ‘स्वाधीनता’ ही संज्ञा अधिक यथार्थ होय.