मधलं बटण

बी. कॉम. झालेल्या माणसाने समीक्षेच्या वाटेला जाऊ नये असा आपल्याकडे संकेत आहे. त्याने ताळेबंद जुळवावा, वर्षअखेरीला रात्री उशिरा घरी यावं आणि दिवाळी अंक लायब्ररीतून आणून वाचावेत. तरीही आज मी एका मराठी मजकुराचं परीक्षण करायला बसलो आहे. या मजकुराला प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, लेखकाचं नावही नाही. आणि गंमत अशी, की तो मराठीत वाचण्यासाठी आधी इंग्रजी यावं लागतं.

मी म्हणतोय ते संगणकाच्या पडद्यावरच्या मराठीविषयी. ज्या प्रणालीवर सगळा संगणक चालतो, ती आपल्याशी इंग्रजीत बोलते. तिला 'बाई, आता मराठीत बोल' असं सांगता येतं. विंडोजमध्ये ही सोय एक्सपीच्या काळापासून आहे. पण सांगायचं कुठे? तर सेटिंग्जमध्ये, 'टाइम अँड लँग्वेज' या दाराने आत शिरून, भाषांच्या लांबलचक यादीतून मराठी शोधून. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही त्याने हे तीन दरवाजे इंग्रजीत ओलांडायचे, मग त्याला मराठी मिळणार. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नका, असं सांगणारे माझे काका आठवले.

या साहित्याशी माझा संबंध आला तो आमच्या दाजींमुळे. दाजींचं कपिलधारला नारळ-प्रसादाचं दुकान आहे. बीडहून मांजरसुंब्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी आहे, शेजारी धबधबा आहे. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते आणि दिंड्या पायी येतात. त्या दिवसांत दाजींना जेवायला फुरसत नसते. गेल्या यात्रेची उधारी त्यांनी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, एकेका अक्षराला बोट शोधत, तीन रात्री बसून लिहिली. शेवटी खिडकी बंद करताना त्या यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली तीन बटणं.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? ते काय इचारायलंय तेच कळंना. म्हणलं, मधला मार्ग बरा. मधलं दाबलं."

मधल्या बटणावर 'जतन करू नका' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. तीन रात्रींची उधारी गेली. ज्यांनी नारळ नेले होते त्यांना ते आठवत होतं की नाही, हा वेगळा प्रश्न. दाजींनी ते विचारायला जाण्याचा प्रकार केला नाही. "देवाच्या दारातली उधारी," एवढंच म्हणाले. मला मात्र रात्री झोप लागेना. माणसाने संसारात मध्यममार्ग धरावा आणि यंत्राने त्याला त्याचीच शिक्षा द्यावी!

पुढच्या सुट्टीत मी जाऊन भाषा बदलली. नशीब, लॅपटॉप 'सिंगल लँग्वेज' जातीचा नव्हता. विंडोजची अशीही एक आवृत्ती असते, ती एकाच भाषेशी लग्न लावून येते. मराठीचं बाड डाउनलोड व्हायला डोंगराच्या कुशीत जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, मग साइन आउट, पुन्हा साइन इन, आणि पडदा मराठी झाला.

आता परीक्षण. 'डेस्कटॉप', 'सेटिंग्ज' हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत म्हणून काही विद्वान नाक मुरडतात. मी मुरडत नाही. जमा, वसूल, बाकी हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि त्यांच्यावरच माझं पोट चालतं. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. त्यातले काही टिकले, पण 'बाकी' अजून बाकीच आहे.

'जतन करा' हा शब्द मात्र मला फार आवडला. आई पैठणी जतन करायची, तसं. दाजींनीही तो दोनदा वाचला. 'उघडा' या शब्दाने मात्र थोडा घोळ केला. दाजी उन्हाळ्याचे बनियनवर बसले होते. पडद्यावर 'उघडा' वाचून त्यांनी आधी स्वतःकडे पाहिलं. दोष भाषांतरकाराचा नाही. त्या बिचाऱ्यापुढे बहुतेक वेळा सुट्या इंग्रजी शब्दांची यादी असते, पडदा नसतो. कोणता शब्द कुठल्या बटणावर बसणार हे त्याला दिसत नाही. शिवाय मध्ये रिकामी जागा सोडलेली वाक्यं असतात, तिथे ऐनवेळी फाइलचं नाव येऊन बसतं. ती वस्तू 'हटवला', 'हटवली' की 'हटवलं', हे कोणी ठरवायचं? इंग्रजीला लिंगाची ही कटकट नाही. त्यामुळे आपलं मराठी तिथे सगळीकडे नपुंसकलिंगात आणि आज्ञार्थात बोलतं. करा, निवडा, प्रतीक्षा करा. आमच्या काउंटरवर मीही दिवसभर असाच बोलतो, तेव्हा शैलीवर फार टीका करण्याचा अधिकार मला नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दुसऱ्या दिवशी दाजींनी हिशोबाचा कार्यक्रम उघडला, तर तो इंग्रजीच! घर मराठी झालं होतं, भाडेकरू नाही. प्रत्येक कार्यक्रमाची भाषा वेगळी, तिचं बाड वेगळं. म्हणजे ज्या तीन बटणांसाठी मी एवढा खटाटोप केला, ती जिथल्या तिथे. आणि प्रणालीतही पाट्या, दारं, अंगण मराठी. खोल आत गेलं की, विशेषतः काही बिघडलं की, इंग्रजी. मराठीचं हे बाड मुळातच इंग्रजीच्या पायावर अर्धवट बसवलेलं असतं. नेहमीच्या वापरातलं भाषांतर होतं, उरलेल्या ठिकाणी खालचं इंग्रजी वर येतं. सुखाच्या वेळी माझ्या भाषेत 'स्वागत आहे' म्हणायचं आणि घर पेटल्यावर इंग्रजीत ओरडायचं, याला मी भाषांतर म्हणत नाही. त्याला आदरातिथ्य म्हणतात.

हे मी समाधीच्या पायऱ्यांवर बसून दाजींना ऐकवलं. दाजी म्हणाले, "आमच्या स्वामींनी तसं नाही केलं."

खरंच नाही केलं. मन्मथस्वामींनी वीरशैव तत्त्वज्ञान मराठी ओव्यांत सांगितलं, त्या ग्रंथाचं नावच 'परमरहस्य'. वरवरचं मराठीत आणि रहस्य संस्कृतात, असला व्यवहार त्यांनी ठेवला नाही. ज्याला आत जायचं आहे त्याला शेवटच्या खोलीपर्यंत त्याच्याच भाषेत नेलं. म्हणून आजही घरोघरी त्याची पारायणं होतात. इथे मात्र रहस्य तेवढं इंग्रजीत.

हिशोबाच्या कार्यक्रमाचं बाडही शेवटी मी शोधून बसवलं. दिवाळीला भाची पुण्याहून आली आणि लॅपटॉप उघडून किंचाळली, "मामा, यात मला काहीच सापडत नाही!" तिला दाजी शांतपणे एकेक बटण दाखवत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाप लेकीला संगणक शिकवत होता.

यात्रेनंतर दाजींचा फोन आला. उधारी लिहिली, खिडकी बंद केली, प्रश्न आला.

"मंग?"

"वाचला की. चष्मा लावून. पयलं बटण दाबलं." जरा थांबून म्हणाले, "पण पावणं, आता एक निळं पान आलंय, सगळं इंग्रजीत. फोटो धाडलाय. तेवढं काय म्हणायलंय सांगा."

मी फोटो उघडला. चारदा वाचला. इंग्रजी मला येतं, पण तेही मला कळलं नाही.