खटला, कंपनी आणि विकिपीडियाचं चर्चापान: ‘न्याय्य मांडणी’ नेमकी कशाला म्हणायची?

औषधं असोत, प्रदूषण असो, कामगार असोत की माध्यमं, एखाद्या कंपनीशी संबंधित विषय घेतला की आपली सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. कंपनीचं नाव टाकायचं, विकिपीडियाचं पान उघडायचं, ‘वाद’ किंवा ‘खटले’ असा भाग वाचायचा आणि तिथल्या संदर्भांवरून पुढे जायचं. यात काही वाईट नाही. फक्त त्या भागातली वाक्यं तशीच का आहेत, हे आपण सहसा विचारत नाही. दहा वर्षं चाललेल्या खटल्याला दोनच ओळी का? तडजोडीची रक्कम दिली आहे, पण मूळ तक्रार काय होती ते का नाही?

या वाक्यांमागे एक लेखनप्रकार असतो आणि तो फारसं कोणी वाचत नाही. तो म्हणजे कंपनीने विकिपीडियाकडे केलेली दुरुस्तीची विनंती. शोधनिबंध जसा चिकित्सकपणे वाचतो, तशीच ही विनंतीही वाचायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुरुवातीच्या काळात कंपन्या विनंतीच्या भानगडीत पडत नसत, सरळ मजकूर बदलत. 2005 मध्ये डीबोल्ड या मतदान यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नेटवर्कवरून कंपनीच्या पानावरचे पंधरा टीकात्मक परिच्छेद उडवले गेले. व्हर्जिल ग्रिफिथने 2007 मध्ये विकिस्कॅनर हे साधन आणलं तेव्हा ते चव्हाट्यावर आलं. 2013 मध्ये विकी-पीआर नावाच्या व्यवसायाशी जोडलेली 250 हून अधिक खाती बंद करावी लागली. त्यानंतर जून 2014 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने वापराच्या अटींमध्ये नियम घातला: पैसे घेऊन लिहिणाऱ्याने आपण कोणासाठी लिहितो आहोत हे जाहीर करायचं. शिवाय इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हितसंबंध असलेल्याने पानाला थेट हात लावू नये. चर्चापानावर विनंती मांडावी आणि निर्णय त्रयस्थ स्वयंसेवकावर सोडावा.

विनंतीचा साचा साधा आहे. काय बदलायचं, का बदलायचं आणि पुरावा काय. जर्नलच्या संपादकाला पाठवतो त्या शुद्धिपत्राच्या अर्जासारखाच. खाली ‘मी या कंपनीचा कर्मचारी आहे’ किंवा ‘मला या कामाचे पैसे मिळतात’ अशी कबुली. म्हणजे शोधनिबंधाच्या शेवटी आपण देतो ते हितसंबंधांचं निवेदनच.

आता मुद्द्याकडे येऊ. या विनंत्यांमध्ये ‘न्याय्य’, ‘संतुलित’, ‘तटस्थ’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पण या शब्दांखाली दोन वेगळ्या मागण्या असतात आणि त्यांची सरमिसळ होते. पहिली मागणी अचूकतेची, दुसरी प्रमाणाची.

अचूकतेचं उदाहरण घेऊ. समजा, पानावर लिहिलंय, ‘कंपनीने कामगारांचा ओव्हरटाइम बुडवला.’ प्रत्यक्षात खटला अजून चालू आहे. कंपनीने विनंती केली की हे वाक्य ‘कामगारांनी दाखल केलेल्या दाव्यानुसार...’ असं करा. ही मागणी रास्त आहे, ती मान्य व्हायलाच हवी. आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक आहे. तसंच खालच्या कोर्टाचा निकाल पानावर आहे पण अपिलात तो फिरला हे नाही, तारीख चुकली आहे, रक्कम चुकली आहे, या सगळ्या तपासता येणाऱ्या गोष्टी. निकालपत्र, बातमी समोर ठेवली की विषय संपला.

प्रमाणाचं तसं नाही. ‘हा खटला पानाच्या सुरुवातीच्या सारांशात नको, खाली हलवा.’ ‘चार परिच्छेदांचा एक करा.’ ‘हे जुनं प्रकरण आहे, काढून टाका.’ विकिपीडियाचं तत्त्व सांगतं की विश्वासार्ह, स्वतंत्र स्रोतांनी एखाद्या गोष्टीला जितकं महत्त्व दिलं, तितकंच पानाने द्यावं. हे मोजायला पट्टी नाही, तारतम्यच लागतं. माझ्या वाचनात एक गोष्ट वारंवार दिसते: लांबलचक विनंतीची सुरुवात अचूकतेच्या निर्विवाद मुद्द्याने होते आणि शेवट प्रमाणाच्या मागणीने. पहिल्या मुद्द्याची विश्वासार्हता शेवटच्या मुद्द्याला उधार मिळते. वाचणारा स्वयंसेवक बिनपगारी. दिवसभराचं काम आटोपून रात्री विनंत्यांची रांग उपसायला बसलेला. पहिले तीन मुद्दे बरोबर निघाले की चौथ्यालाही मान डोलावणं सोपं जातं.

अशा मागण्यांतली सगळ्यात पटण्यासारखी वाटणारी मागणी म्हणजे ‘प्रकरण मिटलंय आणि त्यावर पुरेसे स्रोत नाहीत, म्हणून मजकूर काढा.’ स्रोत का नाहीत, ते बघा. कोर्टाबाहेर तडजोड झाली की अनेकदा गोपनीयतेची अट असते, दोष मान्य न करता पैसे दिले जातात आणि निकालपत्र लिहिलंच जात नाही. वर्तमानपत्रांना पुढे छापण्यासारखं काही उरत नाही. कोर्टातली मूळ कागदपत्रं हा प्राथमिक स्रोत, आणि त्यांचा अर्थ स्वतः लावायला विकिपीडियाची मनाई. म्हणजे जी तडजोड कंपनीने विकत घेतली, तिच्यामुळेच पुरावा विरळ होतो आणि मग तोच विरळपणा युक्तिवाद म्हणून पुढे येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नमुना निवडीतला दोष आहे: नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे.

दुसरा दोष यापेक्षा मोठा. खटल्याला दोन बाजू असतात, विनंती मात्र एकाच बाजूकडून येते. कंपनीकडे जनसंपर्क विभाग असतो, सल्लागार नेमायला पैसा असतो. समोरच्या बाजूचा कामगार, रुग्ण किंवा गावकरी चर्चापानावर येऊन ‘आमची तक्रार नीट मांडा’ असं लिहीत नाही. असं पान असतं हेच त्याला बहुधा माहीत नसतं. त्यामुळे एकेक विनंती सुटी वाचली तर रास्त वाटते, पण दहा वर्षांत मान्य झालेल्या सगळ्या विनंत्यांची बेरीज केली तर पान एका बाजूला कललेलं असू शकतं, एकही नियम न मोडता!

मग हा मार्गच बंद करावा का? नाही. तो बंद झाला तर काय होतं, हे आपल्याकडेच दिसलं.

जुलै 2024 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फाउंडेशनवर बदनामीचा दावा लावला आणि दोन कोटी रुपयांची भरपाई मागितली. सरकारच्या प्रचाराचं साधन असल्याची टीका या संस्थेवर झाली आहे, अशा आशयाचा मजकूर इंग्रजी विकिपीडियावर होता. एएनआयची बाजूही नीट ऐकायला हवी. तिचं म्हणणं होतं की मजकूर खोटा आहे आणि पान तिच्यासाठी संपादनाला बंद केलं आहे. ज्या पानावरून हजारो वाचक आपल्याबद्दल मत बनवतात, ते निनावी लोक लिहितात आणि जाब विचारायला समोर कोणी नाही, ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मूळ प्रश्न मात्र चर्चापानावर सोडवता येण्याजोगा होता. स्रोत बातमी आहे की मतलेख? मत असेल तर ‘अमुक नियतकालिकाच्या मते’ असं लिहिलंय का? सारांशात त्याला किती जागा हवी? म्हणजे वर पाहिलेले अचूकतेचे आणि प्रमाणाचेच प्रश्न. कोर्टात गेल्यावर ते मागे पडले. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने पान संपादित करणाऱ्या तिघांची माहिती द्यायला सांगितलं. मजकूर बरोबर की चूक यापेक्षा लिहिणारा कोण, यावर चर्चा गेली.

पुढचं वळण आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडतं. या खटल्यावरच विकिपीडियावर एक पान तयार झालं होतं. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे पान कसं, असा आक्षेप घेऊन ऑक्टोबर 2024 मध्ये खंडपीठाने ते हटवायला सांगितलं आणि फाउंडेशनने ते हटवलं. खटल्याची मांडणी न्याय्य आहे का हा प्रश्नच उरला नाही, कारण मांडणीच गेली. 9 मे 2025 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. न्यायालयं ही खुली संस्था आहेत, त्यांच्या कामकाजावर चर्चा आणि टीका व्हायला मोकळीक हवी, असा त्या निकालाचा आशय. त्याआधी, 17 एप्रिल 2025 ला, एएनआयबद्दलचा मजकूर काढण्याचा उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेशही सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला होता. एएनआयला नव्याने अर्ज करायची मुभा होती.

गुपचूप खोडणं, उघड विनंती आणि कोर्टाचा आदेश असे तीन मार्ग झाले. तिन्हींमध्ये कंपनीला हवं ते मिळू शकतं. पण चर्चापानावरची विनंती कोणी केली, काय मागितलं, कोणी काय उत्तर दिलं, हे सगळं एकाच जागी, कोणालाही वाचता येईल असं राहतं. हा मार्ग समतोल नाही, तरी त्याचा कल मागाहून तपासता येतो. माझा कौल त्यालाच आहे, दोन अटींवर. एका विनंतीत एकच बदल मागावा, म्हणजे रास्त मुद्द्याच्या पाठीवर बसून दुसरा मुद्दा आत शिरणार नाही. आणि खटल्याबद्दलची विनंती असेल तर उत्तर देणाऱ्याने समोरच्या पक्षाचं म्हणणं स्वतंत्र स्रोतांत स्वतः शोधावं. कोणी मागितलं नाही, म्हणून ते सोडून देऊ नये.

तुमच्यासाठी यात काय? लिटरेचर रिव्ह्यू सुरू करण्याआधी एक सराव करा. तुमच्या विषयातली एक कंपनी घ्या. तिच्या इंग्रजी पानाचा ‘खटले’ भाग वाचा, मग चर्चापान आणि त्याचे जुने संग्रह उघडा. एखादी दुरुस्तीची विनंती सापडली तर तिचे मुद्दे दोन रकान्यांत मांडा, एकीकडे अचूकता, दुसरीकडे प्रमाण. मग पानाच्या इतिहासात जाऊन विनंतीच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवा. काय गेलं, कशाच्या आधारावर गेलं, आणि जे गेलं त्याबद्दल बोलायला तिथे कोण हजर नव्हतं, ते लिहून काढा.

तासाभराचं काम आहे. पण त्या तासानंतर ‘कंपनीने आरोप फेटाळले आणि प्रकरण मिटलं’ हे वाक्य तुम्ही तुमच्या प्रबंधात जसंच्या तसं उतरवणार नाही. निदान कोणी मिटवलं आणि किती देऊन, एवढं तरी आधी शोधाल.