टॉम्सनचा ग्रंथ आणि नगरची हवा

लंडन येथील नॅशनल गॅलरीचे शास्त्रीय सल्लागार गॅरी टॉम्सन यांचा 'द म्युझियम एन्व्हायर्नमेंट' हा ग्रंथ 1978 सालीं प्रसिद्ध झाला व 1986 सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. ग्रंथ जुना झाला तरी वस्तुसंग्रहांच्या रक्षणाची गोष्ट निघाली कीं त्यांतील आंकडेच प्रमाण म्हणून पुढें येतात. सबब त्याचें मर्म व त्याची मर्यादा हीं दोन्ही संग्राहकांनीं जाणणें अवश्य आहे. येथें आम्ही केवळ आर्द्रतेच्या भागाचा विचार करितों.

ग्रंथकाराचा मुख्य सिद्धांत असा कीं, उष्णतेपेक्षां सापेक्ष आर्द्रतेचे चढउतार वस्तूंस अधिक बाधक होत. कागद, लांकूड, हस्तिदंत हे पदार्थ ओल शोषून फुगतात व ती सोडून आकसतात. हें वारंवार घडलें कीं फळ्या तडकतात व रंगाचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता दीर्घकाळ शेकडा 70 च्या वर राहिली तर बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धांत नॅशनल गॅलरीचीं चित्रें वेल्समधील मॅनोड येथील खाणींत ठेविलीं असतां, तेथील स्थिर हवेंत त्यांचे पापुद्रे सुटणें फारच कमी झालें. हा सिद्धांत निर्विवाद आहे.

वाद आहे तो आंकड्यांविषयीं. टॉम्सननें दोन वर्ग केले आहेत. पहिल्यांत आर्द्रता अहोरात्र 50 किंवा 55, फार तर पांचांच्या फरकानें. दुसऱ्यांत 40 ते 70 पर्यंत मोकळीक. आमच्याकडे उद्धृत होतो तो पहिला वर्ग. दुसऱ्याचें नांवही कोणी घेत नाहीं. हा दोष वाचकांचा होय. परंतु एक न्यून खुद्द ग्रंथांतही आहे. दमट उष्ण प्रदेशांस एक आंकडा व रुक्ष प्रदेशांस दुसरा, असा भेद ग्रंथकार करितो. आयुर्वेदांतही आनूप, जांगल व साधारण असे देशभेद आहेत, आणि देश पाहूनच औषध द्यावें असें शास्त्र सांगतें. पण आमच्या नगर जिल्ह्याचें (ज्यास 2024 पासून अहिल्यानगर हें नांव आहे) काय करावें? हा पर्जन्यछायेंतील मुलूख वैशाखांत दुपारीं आर्द्रता शेकडा 25 च्या आसपास उतरून जांगल होतो, आणि श्रावणांत तोच आनूप होतो. एका वर्षांत देश बदलणाऱ्या अशा देशास टॉम्सनच्या कोष्टकांत रकाना नाहीं.

या न्यूनावर यंत्रानें तोड निघेल असें मानणें घातक आहे. 30 अंशांवरील 55 टक्के आर्द्रतेची हवा नुसती 20 अंशांपर्यंत थंड झाली तर तिची आर्द्रता 95 च्या वर जाते. दिवसा वातानुकूलित केलेल्या दालनाचें यंत्र सायंकाळीं बंद झालें आणि पावसाळी हवा आंत शिरली, कीं थंड पडलेल्या वस्तूंवर हाच हिशेब लागू होतो. अर्धवेळ चालणाऱ्या यंत्रापेक्षां जाड भिंतींची खोली बरी.

उलट, आमच्या जुन्या दफ्तरांचा ग्रंथकाराच्याच तत्त्वानें बचाव होतो. बंद कपाटांतील लांकूड व कापड ओल शोषून बाहेरचे चढउतार मंद करितात, हें त्यानें गणितानें दाखविलें आहे. सुती रुमाल, पोथीच्या फळ्या व लांकडी पेटी यांचें कार्य हेंच. मात्र जुनें तें सर्व सोनें नव्हे. भर आषाढांत ओलसर पोथी पत्र्याच्या पेटींत कोंडणें, बाहेरच्या भिंतीस टेकून कपाट ठेवणें, वैशाखाच्या उन्हांत पानें वाळविणें, या रूढि सोडल्या पाहिजेत. वेखंड कसरीस दूर ठेवील. ओल शोषणें हें त्याचें काम नव्हे.

द्रव्यभेदही पाहिला पाहिजे. 1960 सालीं नगरांत स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत पोथ्या, नाणीं व शस्त्रें एकाच छपराखालीं आहेत. कागदास जी हवा मानवते ती क्षारग्रस्त तांब्यास दमट ठरते. एका आंकड्यानें दोहोंचें समाधान होणार नाहीं. कपाटेंच निराळीं हवींत.

संरक्षकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनीं 2014 सालीं, स्थानिक हवामानांत साधतील असेच नियम असावे, असें संयुक्तपणें जाहीर केलें. टॉम्सनच्या सिद्धांताचा हाच सरळ निष्कर्ष होय. तेव्हां यंत्र घेण्यापूर्वीं एक आर्द्रतामापक घ्यावा, सकाळसंध्याकाळ त्याची नोंद वर्षभर वहींत करावी, आणि मग आपल्या खोलीचा स्वभाव ठरवावा. छापील ग्रंथ नासला तर दुसरी प्रत मिळते. एकुलती पोथी किंवा बखर नासली तर इतिहासाचें तें पान कायमचें जातें. टॉम्सनचा ग्रंथ प्रत्येक संग्राहकानें अवश्य वाचावा; परंतु आंकडे लंडनहून न आणतां आपल्या वहींतून काढावे, हें आमचें सांगणें आहे.