विनयाचे पाठ आणि संगणक

विनयपिटक हा भिक्खुसंघाचा कायदा होय. तो आधी मुखोद्गत व पुढे लिखित स्वरूपात आपल्यापर्यंत आला. या प्रवासात त्यात कोणी काय घातले, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली 'महाबोधि' नियतकालिकात हेच केले. महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांविषयीचा संवाद हा भिक्खूंनी मागाहून घातलेला प्रक्षेप आहे, असे त्यांनी प्रतिपादिले.

अशा शोधासाठी पूर्वी नालंदेच्या देवनागरी आवृत्तीचे ४१ खंड चाळावे लागत. नामपूरसारख्या गावी ते कोठून मिळावेत? आपल्याच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या छट्ठ संगायनाचे (१९५४-५६) तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर आणले, हे त्याचे मोठे ऋण आहे.

'गरुधम्म' हा शब्द त्यात शोधावा. चुल्लवग्ग, पाचित्तिय व अंगुत्तर निकायाचा अट्ठकनिपात ही स्थळे क्षणात समोर येतात. मग भिक्खुनींचे पाचित्तिय नियम शेजारी ठेवून वाचावेत. भिक्खू नसलेल्या ठिकाणी वर्षावास न करणे, ओवाद, पवारणा हे विषय तेथे स्वतंत्र निदानकथांसह पुन्हा येतात. महापजापती गोतमीने आठही गरुधम्म प्रारंभीच स्वीकारले असतील, तर तेच नियम नव्याने घालून देण्याचे प्रयोजन काय? गरुधम्म उत्तरकालीन असावेत, या मतास येथे बळ मिळते.

तथापि या साधनाची मर्यादा गंभीर आहे. तळटीपांत सिंहली, स्यामी, कंबोडियन व लंडनच्या आवृत्तींचे पाठभेद केवळ संक्षेपाने दिले आहेत. मूळ हस्तलिखित कोणते, किती जुने, हे तेथे कळत नाही. शिवाय या साऱ्या आवृत्ती एकाच थेरवाद परंपरेच्या आहेत. त्यांचे एकमत म्हणजे बुद्धवचनाचा पुरावा नव्हे. पालि पातिमोक्खात भिक्खूंचे २२७ व भिक्खुनींचे ३११ नियम आहेत. धर्मगुप्तकांच्या विनयात ते अनुक्रमे २५० व ३४८ आहेत. महासांघिकांचा संस्कृत भिक्षुणी-विनय गुस्ताव रोथ यांनी १९७० साली प्रसिद्ध केला. ही तुलना इगतपुरीच्या संग्रहात होऊ शकत नाही. त्यासाठी चिनी व संस्कृत विनयांकडे वळावेच लागते.

स्त्रीला संघात कोणते स्थान, हा प्रश्न आजही विहारांत जिवंत आहे. त्याचा निर्णय शब्दशोधाने होणार नाही. संगणक स्थळे दाखवितो. प्रक्षेप ओळखण्यास पालि भाषा व बाबासाहेबांची चिकित्सक दृष्टी हवी. प्रत्येक विहारात पालिचे वर्ग चालावेत आणि त्यांत उपासिकांनी अग्रभागी बसावे, ही अपेक्षा.