बर्नचा विजय आणि इतिहासाचें श्रेय

झोंके वोर्टमान यांचा ‘बर्नचा चमत्कार’ हा २००३ सालचा जर्मन चित्रपट पाहून आमचें मन प्रसन्न झालें. बुद्धीचें समाधान मात्र झालें नाहीं. ४ जुलै १९५४ रोजीं बर्न येथें फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत पश्चिम जर्मनीनें हंगेरीस ३-२ असें हरविलें. त्याच स्पर्धेच्या आरंभीं हंगेरीनें जर्मनांचा ८-३ असा धुव्वा उडविला होता! रशियाच्या कैदेंतून परतलेला बाप आणि त्यास परका झालेला मुलगा यांची या विजयाच्या निमित्तानें दिलजमाई होते, हा कथाभाग हृद्य आहे. परंतु राष्ट्रही त्याच दिवशीं सावरलें असें जें दिग्दर्शक सुचवितात, तें आम्हांस मान्य नाहीं. नवें चलन १९४८ मध्यें आलें. राज्यघटना १९४९ मध्यें झाली. घर आधींच उभें होतें. बर्ननें त्यावर गुढी उभारली. गुढीस कमी लेखूं नये. पण तिला पाया तरी कसें म्हणावें?

आणि पराभूतांचें काय? निकाल कळतांच बुडापेस्टचे लोक संतापून रस्त्यावर उतरले. ऑक्टोबर १९५६ मध्यें तेथें उठाव झाला, व त्यानंतर संघनायक पुष्काश कित्येक वर्षें मायदेशीं परतला नाहीं. या उठावाचें मूळही एका सामन्यांत शोधणें भाबडेपणाचें होईल. असंतोष आधींपासून साचला होता. पराभवानें त्यास क्षणभर वाचा फोडली, इतकेंच. हें दुसरें पान वगळल्यानें चित्रपट गोड झाला आहे. इतिहास म्हणून मात्र तो अर्धाच राहिला.