दोमियेचें हास्य आणि त्याची मर्यादा

व्यंगचित्र म्हणजे घटकाभराची करमणूक, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. ओनोरे दोमिये (१८०८–१८७९) या फ्रेंच चित्रकाराचीं शिळाछाप चित्रें लक्षपूर्वक पाहिलीं म्हणजे ती समजूत टिकत नाहीं.

दगडावर तेलकट खडूनें चित्र रेखाटून त्याच्या हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ति सेनेफेल्डरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत शोधिली. तिच्यामुळें चित्रकाराची टीका वृत्तपत्राच्या वेगानें घरोघर जाऊं लागली. १८३१ सालीं दोमियेनें लुई फिलिप राजास गार्गांतुआ राक्षसाच्या रूपांत दाखविलें. गरिबांनीं टोपल्या भरभरून आणलेलें द्रव्य तो गिळीत बसला आहे! या चित्राबद्दल दोमियेस सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली.

तथापि आमच्या मतें याहून श्रेष्ठ चित्र १८३४ सालचें आहे. त्या एप्रिलांत पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरांत शिरून सैनिकांनीं रहिवाशांस ठार केलें. दोमियेच्या चित्रांत राजाही नाहीं, सैनिकही नाहीं. विस्कटलेल्या बिछान्याशीं निजण्याच्या कपड्यांत पडलेला एक मृत पुरुष, आणि त्याच्या देहाखालीं दडपलेलें मूल. येथें हास्याचा लवलेश नाहीं. आरोप मात्र पूर्ण आहे. सरकारनें तो ओळखला आणि हातीं लागल्या त्या प्रती जप्त केल्या.

पुढें १८३५ च्या कायद्यानें छापण्यापूर्वीं चित्रांस सरकारी परवानगी आवश्यक झाली. राजावर टीका करण्याची वाट बुजली, तेव्हां दोमिये समाजाकडे वळला. लबाड धंदेवाला रोबेर माकेर, अशिलाच्या दुःखावर पोसलेले वकील, पेंगणारे न्यायाधीश हे त्याचे नवे विषय झाले. हेंही त्याचें यशच होय.

पण १८४४ मध्यें त्यानें लेखन करणाऱ्या स्त्रियांची टवाळी करणारी मालिका काढिली. तींत रेषा तितकीच सराईत आहे. धैर्य मात्र कोठें दिसत नाहीं. ज्यांस वाचकवर्ग आधींच हंसत होता, त्यांसच येथें हंसावयाचें होतें. अशा हंसण्यानें कोणाची झोंप उडत नाहीं.

एकाच हातच्या या चित्रांतील हें अंतर कलेचें नव्हे. उपहास कोणावर करावयाचा, या निवडीचें तें आहे. आणि ती निवड चित्रकाराइतकीच, हंसणाऱ्या आपणां वाचकांचीही असते.