चौघांतला वाद

आपल्या समीक्षेने कादंबरीची चिकित्सा केली, कथेची केली, नाटकाची तर वाचकाला कंटाळा येईपर्यंत केली. पण आज मराठीत घरोघर, दिवसाच्या कुठल्याही प्रहरी जो गद्यप्रकार लिहिला जातो, त्याची दखल कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. हा प्रकार म्हणजे मित्राला चौघांच्या देखत दिलेले लेखी उत्तर. व्हॉट्सॲपच्या गटावर किंवा फेसबुकवर ते लिहिले जाते. त्याला आरंभ असतो, चढती भाजणी असते, उपरोध असतो, आणि लिहिणाऱ्याच्या मते तरी बिनतोड शेवट असतो. तेव्हा वाङ्मयाच्या नियमांनी त्याचे मोजमाप करायला हरकत नसावी. मी स्वतः या प्रकारात थोडीफार निर्मिती केली आहे, हेही आधीच कबूल करतो.

वाद मुळात वाईट नाही. न्यायसूत्रकार गौतमाने त्याच्या तीन जाती सांगितल्या आहेत. तत्त्व समजून घेण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे केवळ पाडायचे ती वितंडा. वाद कोणाशी करावा, हेही तो सांगतो: गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायाशी, मनात असूया नसलेल्या हितेच्छूशी. मग जल्प आणि वितंडा कशासाठी? कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग, असे त्याचे म्हणणे आहे. बोरी-बाभळीच्या काट्या शेताभोवती रचणाऱ्या आमच्या सुलतानपूरच्या माणसाला हा दृष्टान्त कोणी फोड करून सांगायला नको. काट्या बाहेरच्या ढोरांसाठी असतात. सहाध्यायी, म्हणजे वर्गातला सोबती, हा कुंपणाच्या आतला माणूस.

मित्रांच्या वादाचा विषय निघाला की मराठी वाचकाला टिळक आणि आगरकर आठवणारच. आम्हा वऱ्हाडकरांना आगरकर परके नाहीत. १८७५ साली ते मॅट्रिक झाले ते अकोल्याहून. टिळकही त्यांच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलैतला. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिले. देशाचा आणि समाजाचा विचार करीत तासन् तास बोलणारे हे दोन तरुण डोळ्यांपुढे आणले, म्हणजे पुढची फाटाफूट अधिकच लागते. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले, १८८८ साली ‘सुधारक’ काढला. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा आगरकर त्याच्या बाजूला होते, आणि परक्या सरकारने आपल्या समाजात असा हात घालू नये म्हणून टिळक विरोधात.

या वादाकडे बोट दाखवून काही लोक म्हणतात, त्या काळी साप्ताहिक होते, उत्तर द्यायला सात दिवस मिळत, राग निवत असे. मला हे पटत नाही. दोघांच्याही लेखणीला धार होती, आणि ती मताबरोबर माणसालाही लागे. सात दिवसांत राग निवतो तसा मुरतोही. दुसरी शिकवण काढतात ती अशी की मित्राशी वाद नकोच. तीही मला मान्य नाही. प्रश्न कोवळ्या मुलींच्या आयुष्याचा होता. मैत्री राखण्यासाठी आगरकर गप्प बसते, तर त्या मैत्रीची किंमत त्या मुलींनी भरली असती. सार्वजनिक प्रश्नावर सार्वजनिक ठिकाणी बोललेच पाहिजे. पण तुरुंगातले बोलणे आणि छापील बोलणे यांत एक भेद राहतोच. तिथे ऐकणारा समोरचा मित्रच होता. पुढे दोघांच्याही पाठीशी आपापले वाचक उभे राहिले. पक्ष पाठीशी उभा राहिला की माणसाला मागे फिरायला वाट उरत नाही. आगरकर १७ जून १८९५ रोजी अवघ्या ३८ व्या वर्षी गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला. ज्याने तो वाचायला हवा होता, तो वाचायला राहिला नव्हता.

एवढ्या मोठ्या माणसांशेजारी आपली गोष्ट सांगणे धार्ष्ट्याचे आहे. पण ती सांगितल्यावाचून ही समीक्षा प्रामाणिक होणार नाही. आम्हा दहावीच्या सोबत्यांचा एक गट आहे. त्यावर एका मित्राने लिहिले की मराठी शाळेत आता पोर घालणे म्हणजे त्याचे नुकसान करणे. मी मराठी शाळेतला मास्तर. मला ते झोंबले. रात्री अकरापर्यंत मी उत्तर लिहीत बसलो. भाषा घासली, उपरोध साधला आणि शेवटी एक दाखला दिला: त्याच्याच मुलाचा. इंग्रजी शाळेत तो मुलगा वर्षभर मुका झाला होता, घरी रडत होता. ही हकीकत मित्राने मला शेताच्या धुऱ्यावर बसून सांगितली होती, डोळे पुसत. मी ती पस्तीस जणांपुढे मांडली. लगेच अंगठे वर आले, टाळ्या आल्या. मित्राचे उत्तर मात्र आले नाही. सकाळी पाहिले तर तो गटातून निघून गेला होता. तीन महिन्यांनी त्याचे वडील वारले, ते मला दुसऱ्याकडून कळले. तेही दहावा झाल्यावर.

आता त्या मजकुराकडे समीक्षकाच्या नजरेने पाहतो. भाषा चांगली होती. दाखला खरा होता. मुद्दाही बरोबर होता, आणि आजही मी तो सोडलेला नाही. दोष होता तो संबोधनात. मजकुराच्या आरंभी मित्राचे नाव होते, पण प्रत्येक वाक्य उरलेल्या चौतीस जणांसाठी लिहिलेले होते. कादंबरीत एखादे पात्र दुसऱ्याशी बोलत असल्याचे भासवून वाचकाशीच बोलू लागले, तर आपण त्या संवादाला खोटा म्हणतो. माझे उत्तर या अर्थाने खोटे होते. आणि विश्वासाने हाती दिलेली गोष्ट मी पुरावा म्हणून वापरली, हा दोष वाङ्मयाच्या पलीकडचा आहे. परका माणूस वादात आपल्याला फार दुखवू शकत नाही. त्याला आपली दुखरी जागा ठाऊक नसते. मित्राला ती ठाऊक असते, कारण आपणच ती त्याला दाखवलेली असते.

तेव्हापासून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. उत्तर लिहून झाले की विचारतो: हा मजकूर एकट्या त्याला पाठवायचा असता, तर मी असाच लिहिला असता का? उत्तर होय आले तर तो एकट्याला पाठवतो. बहुधा मग त्याच्याकडे जातोच. प्रश्न सर्वांचा असेल तर सर्वांपुढे लिहितो, पण मित्राचे नाव न घेता, त्याचे घर न उघडता. दोन्ही जमेना झाले की खोडून टाकतो. खोडताना हाताला जड जाते. चांगले जमलेले वाक्य खोडणे कोणाही लेखकाला जड जाते. पण कादंबरीत आपण ते करतोच. मग इथे का करू नये?

दहाव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. बराच वेळ दोघेही पावसापाण्याचे, सोयाबीनच्या भावाचे बोललो. उठताना मी माफी मागितली. तो म्हणाला, “तू खरंच बोलला, गड्या, पण चौघांत बोलला.” मग थोडे थांबून त्याने मला मराठी शाळेविषयी दोन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.